पगाराला इंग्रजीत काय म्हणतात?

भारताच्या राष्ट्रपतींना पगार मिळतो का? राज्यघटनेचा इंग्रजी पाठ काटेकोरपणे वाचला तर उत्तर 'नाही' असंच द्यावं लागेल. दरमहा 5 लाख रुपये मिळतात, 2018 च्या अर्थसंकल्पात हा आकडा वाढवला गेला, हे सगळं खरं. पण घटनेचं कलम 59 त्या रकमेला 'सॅलरी' म्हणत नाही, 'इमॉल्युमेंट्स' म्हणतं. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना कलम 125 नुसार 'सॅलरी' मिळते. खासदारांना कलम 106 नुसार 'सॅलरी' आणि वर 'अलाउन्सेस'. आणि कामगारांचा विषय निघतो त्या कलम 43 मध्ये शब्द येतो 'लिव्हिंग वेज'. पुस्तक एकच, देश एकच, कामाबद्दल मिळणारे पैसेही शेवटी पैसेच. शब्द मात्र माणूस पाहून बदलतो.

शाळेत समानार्थी शब्दांची यादी पाठ करताना हे कुणी सांगत नाही. सॅलरी, वेजेस, पे, रेम्युनरेशन, इमॉल्युमेंट, स्टायपेंड. सगळ्यांचा अर्थ पगार, लिहा पाच वेळा. मग पुढे नोकरीच्या अर्जात कुणीतरी 'एक्स्पेक्टेड वेजेस' लिहितं आणि मुलाखत घेणारा गालातल्या गालात हसतो. व्याकरण चुकलेलं नसतं. पायरी चुकलेली असते.

'इमॉल्युमेंट'पासूनच सुरुवात करू, कारण त्यात एक गंमत आहे. सरकारी मराठीने त्याला 'वित्तलब्धी' असा प्रतिशब्द दिला आहे. तो ऐकून कुणाला पैशांची आठवण होत असेल असं वाटत नाही. मूळ लॅटिन शब्द 'एमोलुमेंटुम'. तो 'मोलेरे' म्हणजे दळणे या धातूशी जोडला जातो. धान्य दळून दिल्याबद्दल गिरणीवाल्याला जे मिळायचं ते, असा त्याचा मूळ अर्थ बहुधा असावा. मराठीत याला नेमका जुना शब्द आहे: दळणावळ. सोनाराची घडणावळ, शिंप्याची शिवणावळ, तशी दळणावळ. म्हणजे शब्दाच्या मुळाशी गेलं तर राष्ट्रपती भवनात दर महिन्याला पोचते ती दळणावळ. शब्द वर चढत चढत कुठे जाऊन बसतील याचा नेम नाही.

आता आपला 'पगार' घ्या. हा शब्द इतका घरचा झालाय की तो बाहेरून आला हे सांगावं लागतं. पोर्तुगीज भाषेत 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं. पोर्तुगीज गोव्यात आले, वसई आणि चौलला राहिले, आणि त्यांच्या बटाटा, पाव, चावी या शब्दांबरोबर पगारही आपल्याकडे सोडून गेले. आता या पोर्तुगीज शब्दाचं मूळ पाहा. ते आहे लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणे. ज्याचं देणं आहे त्याला शांत करणे, म्हणजे पैसे देणे. आणि इंग्रजी 'पे'चं मूळ? तेच 'पाकारे', फक्त फ्रेंचच्या वाटेने आलेलं. शांतता या अर्थाचा 'पीस'सुद्धा त्याच कुळातला. तेव्हा 'पे' आणि 'पगार' ही सख्खी चुलत भावंडं. महिन्याच्या सुरुवातीला घरमालक, दूधवाला आणि वाणी यांना ओळीने शांत करताना हे आठवायला हरकत नाही.

नातं इतकं जवळचं असूनही 'पे' म्हणजे सरसकट पगार नव्हे. आपल्याकडे हा शब्द सरकारी आणि लष्करी. वेतन आयोग म्हणजे 'पे कमिशन'. पहिला 1946 मध्ये नेमला गेला, आणि सातव्याने केंद्रीय कर्मचाऱ्यांचा किमान 'बेसिक पे' 18,000 रुपये ठरवला. पे-स्केल, पे-स्लिप, लीव्ह विदाउट पे, हाफ पे: जिथे कागद आणि शिक्का आहे तिथे 'पे' आहे. व्याकरणातही त्याचा वेगळा स्वभाव. 'पे' मोजता येत नाही, म्हणून 'अ गुड पे' चुकीचं, नुसतं 'गुड पे' बरोबर. 'सॅलरी' मोजता येते, म्हणून तिथे 'अ गुड सॅलरी' असंच हवं. आणि 'वेजेस' बहुतेक वेळा अनेकवचनीच राहतात, तरी 'मिनिमम वेज' आणि 'लिव्हिंग वेज' मात्र एकवचनात चालतात. मराठीत 'चांगला पगार' म्हटलं की काम भागतं, त्यामुळे आपली सर्वांत जास्त अडखळ या 'अ'पाशी होते.

आता 'सॅलरी' आणि मिठाची गोष्ट. ही गोष्ट तुम्ही ऐकली असणारच: रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ देत, लॅटिनमध्ये मीठ म्हणजे 'साल', त्यावरून 'सालारियुम', त्यावरून 'सॅलरी'. आपल्याला ती लगेच पटते, कारण आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायची रीतच आहे, आणि न जागणाऱ्याला नमकहराम म्हणायची सोयही. पण गोष्ट जेवढी रुचकर तेवढी पक्की नाही. 'सालारियुम' या शब्दाचं मिठाशी नातं आहे, यात वाद नाही. पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी मिठाबद्दल लिहिताना तसा उल्लेखही करतो. पण सैनिकाच्या ओंजळीत पगार म्हणून मीठ ओतत होते, असा त्या काळचा पुरावा मिळत नाही. मिठासाठी दिलेले पैसे, मीठ आणायच्या वाटेच्या राखणीचे पैसे, असे तर्क मागाहून केले गेले. रोममधून निघणाऱ्या एका जुन्या रस्त्याचं नाव 'व्हिया सालारिया', म्हणजे मिठाचा रस्ता, हे मात्र खरं.

खरी मौज पुढेच आहे. रोमन सैनिकाच्या पगाराला लॅटिनमध्ये चांगला रुळलेला, वेगळाच शब्द होता: 'स्टिपेंडियुम'. हाच आजचा 'स्टायपेंड'. ज्या शब्दावर जग जिंकणारं सैन्य पोसलं गेलं, तो आज इंटर्न डॉक्टर आणि शिकाऊ उमेदवारांच्या वाट्याला आला आहे. त्यावर पुन्हा येतो.

'वेज'चं मूळ मिठात नाही, शपथेत आहे. जुन्या जर्मानिक भाषांत त्याचा अर्थ तारण, हमी, दिलेला शब्द. तू काम कर, मी पैसे देईन, ही हमी म्हणजे वेज. याच मुळापासून इंग्रजीत लग्नाचा 'वेड' आला, कारण लग्न म्हणजेही शब्द देणं. फ्रेंचमध्ये 'व'चा 'ग' झाला, 'गाज' तयार झाला, आणि त्यातून 'एंगेज' आणि 'एंगेजमेंट'. तेव्हा मजुरी, लग्न आणि साखरपुडा हे तिन्ही एकाच गोत्रातले. पैजेला 'वेजर' म्हणतात तेही यामुळेच, पैजेतही काहीतरी पणाला लावलेलं असतं. आपली इंग्रजी वर्तमानपत्रं रोजंदारीवरच्या माणसाला सर्रास 'डेली वेजर' लिहितात. लंडनच्या वाचकाला त्यात रोज पैज लावणारा माणूस दिसला तर तो बिचारा चुकत नाही. त्याच्या इंग्रजीत योग्य शब्द 'डेली-वेज वर्कर'. पण आपल्याकडच्या रोजंदाराचं जगणं पाहिलं, सकाळी नाक्यावर उभं राहून काम मिळेल की नाही याची वाट बघणं पाहिलं, तर 'वेजर' अगदीच चूक वाटत नाही.

वापरातला फरक साधा आहे. तासावर, दिवसावर, आठवड्यावर किंवा नगावर मोजून मिळतं ते 'वेजेस'. वर्षाचा आकडा ठरवून बारा भागांत मिळते ती 'सॅलरी'. पाऊस आला आणि काम थांबलं तर वेज बुडते, सॅलरी बुडत नाही. मराठीत ही रेघ आणखी ठळक आहे. शेतावर कुणी 'पगार किती' विचारत नाही, 'हजेरी किती' विचारतात. हजेरी म्हणजे उपस्थिती, आणि उपस्थितीचे पैसेही हजेरीच. आलास तर आहे, नाही आलास तर नाही. 'वेज'ला यापेक्षा नेमका प्रतिशब्द मला तरी सुचत नाही, भले तो कुठल्याच कोशात पहिल्या क्रमांकावर नसो.

कायद्याच्या पुस्तकांत गेलं की ही रेघ पुसली जाते, आणि तीही दोन्ही बाजूंनी. प्राप्तिकर कायदा सांगतो की 'सॅलरी'मध्ये वेजेस, पेन्शन, ग्रॅच्युइटी, फी, कमिशन सगळं येतं. उलट 2019 ची वेतन संहिता सांगते की 'वेजेस' म्हणजे सगळं रेम्युनरेशन, मग ते सॅलरीच्या रूपाने असो की अलाउन्सच्या. करवाल्यांच्या पोटात वेज, कामगार खात्याच्या पोटात सॅलरी. एकमेकांना गिळणारे दोन साप असावेत तसं. पण यात विसंगती नाही. कर गोळा करणाऱ्याला जाळं मोठं हवं असतं, आणि कामगाराचं रक्षण करणाऱ्या कायद्यालाही. दोघांनी आपापल्या सोयीचा शब्द ताणला, इतकंच.

हा शब्दच्छल वाटत असेल तर भविष्य निर्वाह निधीचा हिशेब करून बघा. पीएफ, ग्रॅच्युइटी यांसारख्या गोष्टी पूर्ण पगारावर मोजल्या जात नाहीत, कायदा ज्याला 'वेजेस' म्हणतो त्या भागावर मोजल्या जातात. म्हणून बऱ्याच कंपन्या वर्षानुवर्षं मूळ पगार चिमुकला ठेवून भत्त्यांचा डोंगर रचत आल्या. वेतन संहितेने त्यावर अट घातली: वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेजेसमध्येच धरायचा.

आणि मग येतो खास आपल्याकडचा लाडका शब्द, 'सीटीसी'. कॉस्ट टू कंपनी. यात मिळणाऱ्याचा विचारच नाही, देणाऱ्याला काय पडतं त्याचा आकडा आहे. गाय दूध किती देते हे न सांगता चारा कितीचा खाते ते सांगावं, तसं. समजा सीटीसी 12 लाख आहे, म्हणजे महिन्याला 1 लाख. त्यातले 10,000 'व्हेरिएबल पे', वर्षाअखेरीस साहेबांची मर्जी आणि कंपनीचा नफा बघून मिळणारे. मूळ पगार 50,000 धरला तर कंपनीचा 12 टक्के पीएफ 6,000, आणि ग्रॅच्युइटीपोटी 4.81 टक्क्यांनी साधारण 2,405. ही रक्कम तुमच्या नावावर आहे, पण हातात नाही. उरले 81,595. हा 'ग्रॉस'. यातून तुमच्या वाट्याचा पीएफ आणखी 6,000 आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर 200 वजा करा. हातात 75,395. काही कंपन्या पीएफ मूळ पगारातल्या पहिल्या 15,000 वरच मोजतात, तिथे आकडा थोडा वर जातो. पण लग्नाच्या बोलणीत 'मुलाला महिना लाख' असंच सांगितलं जातं, आणि मुलगा स्वतः खोलीभाडं ठरवताना पंचाहत्तर धरतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. एक सीटीसी बोलतो, एक 'इन हॅण्ड'. हा 'इन हॅण्ड'सुद्धा आपलाच. इंग्लंड-अमेरिकेत त्याला 'टेक-होम पे' म्हणतात.

परदेशी गेलेल्या मराठी माणसाची पहिली चुकामूक इथेच होते. आपण पगार महिन्याचा सांगतो, आयटीवाले सोडले तर. तिकडे 'सॅलरी' म्हटली की ती वर्षाचीच. पगारवाढीला आपल्याकडे 'हाइक' किंवा 'इन्क्रिमेंट', ब्रिटनमध्ये 'पे राइज', अमेरिकेत 'रेज'. आणि अमेरिकेतला मनुष्यबळ विभाग 'कॉम्पेन्सेशन'वर बोलायला बोलावतो तेव्हा दचकू नये. आपल्या कानांना कॉम्पेन्सेशन म्हणजे धरणग्रस्तांना किंवा अपघातात सापडलेल्यांना मिळणारी भरपाई. तिकडे तो पगाराचाच भारदस्त अवतार आहे. अर्थात आठवड्याचे पाच दिवस गमावल्याची भरपाई असं कुणाला म्हणावंसं वाटलं तर मी अडवणार नाही.

'ग्रॅच्युइटी'ची गोष्ट तर उलटी. अमेरिकेत हॉटेलच्या बिलाखाली 'ग्रॅच्युइटी' असं छापलेलं असेल तर ती वेटरची टीप. मूळ अर्थही तोच, खुशीने दिलेलं. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने तिला हक्काचं रूप आलं: सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम. नाव खुशीचं राहिलं, देणं सक्तीचं झालं.

आता राहिलेला 'स्टायपेंड', आणि त्याची बहीण 'ऑनोररियम'. मराठीत विद्यावेतन आणि मानधन. दोन्ही शब्द ऐकायला सुंदर, आणि माझ्या मते या सबंध यादीत सर्वांत सावधपणे ऐकावेत असे. एखाद्या रकमेला पगार न म्हणता दुसरं काही म्हटलं की घेणारा माणूस नोकर राहत नाही, आणि नोकर नाही म्हणजे नोकराचे हक्कही नाहीत. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात हे सरळच लिहिलं आहे: ॲप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. म्हणून त्याला वेज नाही, स्टायपेंड. तो यंत्रावर बाजूच्या कामगाराइतकाच वेळ उभा असेल, तरीही.

'ऑनोररियम' म्हणजे मूळात मान राखून दिलेली भेट. व्याख्यात्याला, परीक्षकाला, संमेलनातल्या कवीला पाकीट देताना हा शब्द शोभतो. गवयाला आपण 'बिदागी' देतो, भटजींना दक्षिणा. तिथे भाव करणं अशोभनीय मानतात, म्हणून पगाराचा शब्द टाळतात. पण अंगणवाडी सेविका रोज मुलांना सांभाळते, पोषण आहार वाटते, नोंदी भरते, आणि तिलाही 'मानधन'. मान आहे, धन बेताचं आहे. मोर्च्यात 'मानधन नको, वेतन द्या' अशी मागणी होते तेव्हा ती निव्वळ आकड्याची मागणी नसते, शब्दाचीही असते. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला, तेव्हा मुद्दा हाच होता: नाव ऑनोररियम असलं तरी ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं ते वेजेसच.

'फी' या शब्दाबद्दल थोडक्यात. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल सॅलरी घेत नाहीत, फी घेतात, कारण ते तुमचे नोकर नाहीत. या शब्दाची मुळं शोधणारे जुन्या इंग्रजीतल्या 'फेओह'पर्यंत जातात, अर्थ गुरंढोरं आणि संपत्ती. जर्मनमध्ये गुरांना आजही 'फी' म्हणतात, आणि संस्कृत 'पशु' याच घराण्यातला. पशुधन, गोधन म्हणणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको.

आणि 'रेम्युनरेशन'बद्दल त्याहून थोडक्यात: तो 'रिन्युमरेशन' नाही. पैसे मोजायचे असतात म्हणून जीभ 'नंबर'कडे वळते, पण मुळात लॅटिन 'मुनुस' आहे, म्हणजे भेट. कंपनीच्या संचालकांना मिळतं ते हे. 2013 च्या कंपनी कायद्यात सार्वजनिक कंपनीच्या संचालकांच्या आणि व्यवस्थापकांच्या रेम्युनरेशनवर निव्वळ नफ्याच्या 11 टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा आहे. वॉचमनच्या पगाराला कुणी रेम्युनरेशन म्हटलेलं मी ऐकलं नाही.

हे सगळे शब्द येत असले तरी तोंडावर विचारायचं कसं? लोकलमध्ये शेजारी बसलेले काका तिसऱ्या वाक्यात 'पगार किती' विचारतात आणि आपल्यालाही त्यात फार वावगं वाटत नाही. इंग्रजीत 'व्हॉट इज युवर सॅलरी' हा प्रश्न बँक विचारते, नाहीतर नोकरी देणारा. ओळखीपाळखीत फारच गरज पडली तर 'व्हॉट डज अ जॉब लाइक दॅट पे' असं कामावर ढकलून विचारतात, माणसावर नाही. 'हाउ मच सॅलरी आर यू गेटिंग' हे शुद्ध मराठी आहे, फक्त इंग्रजी शब्दांत.

या यादीत काही शब्द अगदी अलीकडे येऊन बसले आहेत. जेवणाची पार्सलं पोचवणाऱ्या मुलांच्या ॲपवर सॅलरी नसते, वेजेस नसतात, 'अर्निंग्ज' असतात. आठवड्याला मिळतो तो 'पेआउट', पावसात जास्त फेऱ्या केल्या तर 'इन्सेन्टिव्ह'. मुलगासुद्धा नोकर नाही, 'पार्टनर' आहे. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग वर्कर'ची व्याख्या केली तीही अशीच, मालक-नोकर या नेहमीच्या नात्याबाहेर काम करून कमावणारा. आमच्या इमारतीखाली रात्री दहाच्या सुमाराला अशी तिघं-चौघं गाड्यांवर रेलून थांबलेली असतात. त्यांच्या तोंडी पगार हा शब्द येत नाही, मजुरी येत नाही, पार्टनर तर नाहीच. एकजण दुसऱ्याला विचारतो, 'काय रे, आज धंदा किती झाला?'